महिना नसलेली तारीख

१९८८ साली पांढुर्ण्याच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला सौसरच्या जयश्रीला नोकरी मिळाली. दोन तारखांतली आधीची कोणती, हे ठरवणारा छोटा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. गिरणीचे बाकीचे सगळे प्रोग्राम त्याचाच आधार घेत.

एके दिवशी बोरगावची कलाबाई तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा गुणवंता गिरणीत कामाला असतानाच वारला होता. त्याला दोन बायका, आणि पेन्शन पहिलीलाच मिळे.

"माहं लगन आंधी झालं, बाई. अन् हे हापिसवाले मले सांगून राहिले का मी दुसरी. पेन्शन रामाकोन्याच्या प्रेमलतेले."

जयश्रीने दोघींचे अर्ज काढले. कलाबाईच्या अर्जावर १२ मे १९६१. प्रेमलतेच्या अर्जावर नुसतं १९६१. महिना-दिवस नसेल तिथे तिचा प्रोग्राम शून्य धरायचा. शून्य म्हणजे सगळ्यांच्या आधी.

ती मॅनेजर यशवंतरावांकडे गेली. "साहेब, यातून कोण आधी ते सांगताच येत नाही. चूक माझी आहे."

"पेन्शनची यादी वर गेली. आता विचारायला कोण जाणार?"

"मी जाते."

रविवारी ती रामाकोन्याला गेली. प्रेमलता अंगणात तूर पाखडत होती. लग्न कधी झालं म्हणून विचारल्यावर ती सरळ म्हणाली, "दिवाळीच्या मागून. कापूस घरात आला होता. तिचं आंधी झालं, मले ठाऊक हाये. कोनी इचारलंच नाही." जयश्रीने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं. अंगठा लावून झाल्यावर प्रेमलतेने विचारलं, "मंग आता मले काईच नाही?"

जयश्रीने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

दोन महिन्यांनी पेन्शनला कलाबाईचं नाव लागलं. जयश्रीने प्रोग्राम बदलला. आधी, नंतर, यांच्या जोडीला 'सांगता येत नाही' हेही उत्तर ठेवलं. अशा अर्जांपाशी मशीन थांबू लागली, कामं तुंबली. यशवंतराव चिडले, तरी तिने ते काढलं नाही.

उन्हाळ्यात सौसरच्या बसस्टँडवर प्रेमलता दिसली. डोक्यावर गाठोडं, कामाच्या शोधात निघालेली. जयश्री पुढे झाली.

"बाई, तुमच्या मशीनीत माहं नाव हाये का अजून?"

"आहे," जयश्री म्हणाली.

प्रेमलतेने मान हलवली आणि बसकडे वळली.