जीभ घरात

वरचे पुढचे दोन दात हलताहेत, हे सोफे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने घरात सांगितलं नव्हतं. पण सफरचंदाची फोड तो दाढेखाली सरकवू लागला, तेव्हा बायकोच्या ध्यानात आलंच. हिरड्या वर सरकलेल्या, दात लांबलेले, त्यातला एक शेजाऱ्यावर रेललेला. हात धरूनच तिने त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन खेपांत हिरड्यांखालची घाण काढली आणि दात मागून बारीक तारेने एकमेकांना बांधले. सरळ करायचं नंतर, म्हणाल्या. आधी हिरड्यांनी धरायला हवं. तीन महिन्यांनी ठरवू, ठेवायचे की काढायचे. दातांच्या कडेला खाचा कसल्या, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नखं खातो म्हणून त्याने ठोकून दिलं.

खरं म्हणजे तीस वर्षं तो दातांत खिळे धरत आला होता. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची. तिसरा हात म्हणजे तोंड. हे कळलं तर काम बंद करायला सांगतील, ही धास्ती. खिळे त्याने आपणहून सोडले, मनगटाला लोहचुंबक बांधलं. पण तोंड रिकामं पडलं, आणि जीभ दिवसभर त्या रेललेल्या दाताला ढकलून बघू लागली. हलतोय का? अजून हलतोय का?

गाल हलला की बायको भांडी विसळता विसळता म्हणायची, "जीभ घरात."

तीन महिन्यांनी तो पुन्हा दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा झाला. बाईंनी आरशाच्या दांडीने दात दाबून पाहिला. हिरड्या बऱ्या होत्या, पण तार एका बाजूने सुटली होती.

"आतून कोण ढकलतंय याला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मग त्याने सगळं सांगून टाकलं, खिळ्यांपासून.

बाई रागावल्या नाहीत. काम करा म्हणाल्या, खिळे मात्र चुंबकालाच राहू देत. तार पुन्हा चिकटवली. दात काढायचं आज नाही, आणखी तीन महिने बघू. जीभ टाळूला टेकवून ठेवायची, बस.

घरी परतताना तो गप्प. बायकोने दोनदा काही विचारलं, दोन्ही वेळा नुसती मान हलली.

"तीस वर्षं तोंडात खिळे म्हणून बोलला नाहीत," ती म्हणाली. "आता जीभ टाळूला म्हणून."

त्याला हसू फुटलं, चांगलं दात दाखवून. दात हलतोय का, हे बघायचं त्याला रस्त्याचा कोपरा वळेपर्यंत सुचलंच नाही.