बाईंच्या उठाबशा

चौतीस वर्षं शाळेत व्यायामाचा तास घेतलेल्या बाई सोफ्यावरून उठता येईना म्हणून रडकुंडीला येतील, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावलं असतं. पण झालं तसंच. न्यूमोनियानं त्या तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या. ताप गेला, खोकला गेला, जाताना मांड्यांतला जोरही घेऊन गेला. धाकटी बहीण दोन्ही हात धरून ओढायची, तेव्हा कुठे बाई उभ्या राहायच्या.

"ताई, अख्खी शाळा तुला टरकायची, आणि तू सोफ्याला घाबरतेस?"

बहात्तराव्या वर्षी हे असंच व्हायचं, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटी बहिणीनंच त्यांना गाडीत घालून फिजिओथेरपिस्टकडे नेलं.

थेरपिस्ट चाळिशीची, अंगानं भरलेली, हसरी. तिनं कागदावरचं नाव वाचलं आणि ताडकन उभी राहिली.

"बाई! ओळखलंत? पाण्याच्या टाकीमागे लपणारी!"

ओळखलं की! व्यायामाच्या तासाला हमखास पोटात दुखणारी ती हीच. बाईंच्या डोळ्यांपुढे सकाळचं मैदान उभं राहिलं. चुन्याच्या ताज्या रेघा, ओल्या मातीचा वास, शंभर मुलींचे पाय एकदम जमिनीवर पडायचे तो धप्प आवाज. त्या आवाजानं बाईंचा दिवस सुरू व्हायचा. आणि मग आठवला तो तास. टाकीमागून हिला कान धरून बाहेर काढलं होतं, सगळ्यांसमोर वीस उठाबशा सांगितल्या होत्या. सातव्यांदा ही जी खाली बसली, ती उठलीच नाही. मुली हसल्या होत्या. बाईसुद्धा.

"हात न टेकता, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता, ते बघू," थेरपिस्ट म्हणाली.

तीन वेळा जमलं. चौथ्यांदा बाई अर्ध्यातून धपकन खाली आल्या. खोलीत कुणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

"वय झालं गं माझं."

"झालंय, नाही कशाला म्हणू? पण बाई, स्नायू रोज थोडा झिजतो आणि खाल्लेल्या प्रथिनांतून रोज थोडा बांधला जातो. तरुणपणी नुसती हाक मारली की बांधकाम सुरू. म्हातारपणी त्याला कमी ऐकू येतं. त्यात तुम्ही तीन आठवडे आडव्या. आता मोठ्यानं बोलवायचं. म्हणजे वजन उचलायचं, आणि दर जेवणात अंडी, दूध, डाळ पोटभर. व्यायाम केला की पुढचा दिवसभर तरी स्नायूला खाल्लेलं जास्त लागू पडतं. रात्री काय जेवता?"

"चहा-बिस्किटं!" बहिणीनं लगेच चुगली केली.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "त्या दिवशी मी हसले होते," त्या म्हणाल्या.

थेरपिस्टनं हातातला कागद बाजूला ठेवला. "आठवतंय. घरी जाऊन खूप रडले होते मी."

"उठायचंय आणि पाय उठत नाहीत म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हतं गं. चुकलं माझं."

थेरपिस्टनं खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. "उंचावरून सुरुवात करू. मला तेव्हा अशी कोणी करून दिली असती तर मीही उठले असते. बसा."

महिने सरले तशी दोन उशांची एक झाली, मग तीही गेली. हातांत वाळूच्या पिशव्या धरून बाई घरभर उठबस करायच्या, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. बहीण अंडी उकडून उकडून कंटाळली. सहाव्या आठवड्यात अर्ध्या मिनिटातल्या उठाबशा सात झाल्या, चौथ्या महिन्यात अकरा. मैदानावरचे ते पाय गेले ते गेलेच, हे बाईंना कळत होतं. कधीकधी त्या जुना फोटो काढून बघत बसायच्या. पण बघून झालं की उठायच्या, आपल्या आपण.

एका दुपारी त्या न सांगता बाहेर पडल्या आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या घरी जाऊन मनसोक्त गप्पा मारून आल्या. बहीण दारातच कावली.

"तिसरा मजला तो! एकटीनं जिने चढलीस?"

"दोनदा," बाई म्हणाल्या. "छत्री वरच राहिली होती."