डब्यातला मासा

"आता जे सांगतो, त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही," असं म्हणत मीटरकाकांनी सचिवांच्या टेबलावरचा माइक उचलला आणि फुंकर मारली. बाहेरच्या भिंतीवरचा भोंगा खोकला.

"काका, भोंगा बंद करतो," सचिव म्हणाले. "दुधाची गाडी आल्याचं सांगायला असतो तो."

"राहू दे. गल्लीलाही जरा करमणूक."

सहकारी दूध संस्थेच्या खोलीत चोवीस सभासद बसले होते आणि कोरमला पंचवीस लागत होते. विषय एकच होता: संकलन केंद्र खाजगी डेअरीच्या ताब्यात द्यायचं का. ती डेअरी दहा लिटरच्या आत कुणाचं दूध घेत नाही. म्हणजे एका गायीवाल्यांनी आपलं दूध आपणच प्यायचं. समोर बसलेले बहुतेक तसलेच. मतदान झालं असतं, तर ठराव तिथल्या तिथे आडवा झाला असता. पण अर्ध्या तासात कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. ती अध्यक्षांनी पुढच्या आठवड्यात, नेमकी सकाळच्या धारांच्या वेळी ठेवली होती, म्हणजे गायीवाले गोठा सोडून येणार नाहीत. अध्यक्ष तसे वाईट नव्हते. रोजच्या कटकटीला विटले होते, इतकंच.

पंचविसाव्या सभासद रस्त्यापलीकडेच राहत होत्या. काकांच्या थोरल्या वहिनी. अकरा वर्षांपूर्वी, काका संस्थेत दूध तपासायचे तेव्हा, त्यांनी भर रांगेत वहिनींचा डबा 'पाणी आहे' म्हणून परत केला होता. तेव्हापासून वहिनींचं दूध शेजारीण आणून घालायची. आज त्यांना दोनदा निरोप गेला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच, "त्या दारात मी पाय ठेवायची नाही."

सात मिनिटं उरली होती.

"तर मंडळी," काका म्हणाले, "आपलं मीटर म्हणजे काचेची नळी. चांगल्या दुधात ताठ तरंगते, पाणी असलं की खाली जाते. त्या दिवशी वहिनींच्या डब्यात सोडली, तर बुडुक! दिसेनाशीच झाली. वाकून बघतो, तर आत मासा. हा एवढा!" त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "मीटर तोंडात धरून वर आला. म्हणाला, काका, दूध कुठंय ते तुम्हीच शोधा, मला तर सगळीकडे विहीरच दिसतेय."

खोली खदखदून हसली. अध्यक्षही हसले आणि मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मासा गेला कुठं मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"वहिनींनीच परत नेला. म्हणाल्या, पाळलेला आहे, त्याला रोज ताजं पाणी लागतं, तेवढंच घालते हो डब्यात."

काका हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. त्यांची नजर दारावर होती.

"काका, आटपा आता," अध्यक्ष म्हणाले. "दोन मिनिटं राहिलीत."

तेवढ्यात पलीकडचं दार धाडकन आपटलं. धुण्यावरून उठून आलेल्या वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. हातांतून पाणी ठिबकत होतं.

"खोटं! साफ खोटं! थेंबभर पाणी नव्हतं माझ्या दुधात!"

सचिवांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय अजून बाहेरच होते.

काकांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"नव्हतं," ते म्हणाले, आणि भोंग्याने ते रस्ताभर नेलं. "मीटरला तडा गेला होता, वहिनी. आत दूध शिरून जड झालं होतं. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं."

हसू विरलं. पुढच्या बाकावरचा एकजण आपल्या नखांकडे बघू लागला.

"आणि सांगायला अकरा वर्षं लागली?"

"निघालो होतो की!" काकांचा आवाज पुन्हा जरा वर चढला. "त्याच संध्याकाळी. अगदी तुमच्या दारापर्यंत आलो. पण तुमची गाय वाटेत आडवी उभी, शिंगं रोखून. दोनदा पुढे झालो, दोनदा तिनं मला..."

वहिनी आत आल्या. पहिल्या बाकावरच्या माणसाला त्यांनी हातानेच सरकवलं, बसल्या आणि ओले हात पदराला पुसले.

"हेही खोटं, भावजी," त्या म्हणाल्या. "गाय मागच्या दारी असते."