कुंडाच्या काठाला लागलेला हात

अमेरिकेत नोव्हायला आल्यापासून ज्ञानदाचं दिवसभराचं बोलणं तान्ह्या मिहीरशी, आणि तो काही उत्तर द्यायचा नाही. म्हणून जवळच्या छोट्या म्युझियमला बिनपगारी गाइड हवेत असं कळताच तिने नाव दिलं. तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, पण चार माणसांत उभं तर राहता आलं असतं. पुण्यात ती पुरातत्त्व शिकली होती, वीरगळांची चित्रं काढत गावोगाव हिंडली होती.

गाइड निवडायच्या परीक्षेच्या दिवशी नेमका नवरा, सुशांत, मीटिंगमध्ये अडकला. मग मिहीरला पोटाशी बांधूनच ती उभी राहिली. समोर म्युझियमच्या प्रमुख रूथबाई आणि तिच्यासारखीच गाइड व्हायला आलेली पाचसहा म्हातारी मंडळी. मधोमध इंग्लंडातल्या एका खेड्याच्या चर्चमधलं आठशे वर्षांचं दगडी कुंड. चर्च ढासळलं, गाव उठलं. उरलं ते हे आणि एक कमान.

"गावातल्या प्रत्येक बाळाला यातलं पाणी लावून नाव ठेवत," ज्ञानदा सांगू लागली. "काठाचा हा टवका बघा. इथे झाकणाचं कुलूप होतं. लोक हे पाणी औषध म्हणून चोरून न्यायचे."

"आणि कुलूप लावल्यावर?" एका आजींनी विचारलं.

"कुणीतरी ते उपटलंय. मीही उपटलं असतं."

सगळे हसले, रूथबाईसुद्धा. तिच्या बोलण्यावर कुणी हसून किती दिवस झाले होते! मिहीरचं बारसं व्हिडिओ कॉलवर झालं होतं. कानात कुर्र करायला आत्यासुद्धा स्क्रीनमधूनच. बोलता बोलता तिचा हात कुंडाच्या काठाला लागला आणि तिथून थेट मिहीरच्या कपाळाला, देवळात लागतो तसा.

हसू विरलं.

मंडळी पांगल्यावर रूथबाई जवळ आल्या. "सांगितलंस सगळ्यांत छान. पण गाइडने हात लावला की मागचे सगळे लावतात. दगड झिजतो."

"माहीत आहे. कॉलेजात यावरून मीच ज्युनियर्सना झापायचे."

"पुढच्या वर्षी पुन्हा ये."

पार्किंगमध्ये सुशांतचा फोन आला. "नाही झालं? जाऊ दे गं. फुकटचंच काम होतं, यार."

"माणसं होती रे तिथे."

त्याला ऐकू गेलं की नाही, कळेना. पलीकडे कुणीतरी त्याला लंचला हाक मारत होतं.