ओल्या कौलांवरून गेलेलं मांजर

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. वाटू नयेच. ज्याला खरं वाटेल त्याच्या कपाळाला मी हात लावून पाहीन, ताप तर नाही ना म्हणून. त्या गावात वरात घेऊन गेलो आणि येताना दोनच वस्तू आणल्या. एक ही कथा, आणि दुसरी ती आत बसून सुपात तांदूळ पाखडते आहे ती. दोघींपैकी एकच माझ्या शब्दावर चालते. कुठली, ते तुम्ही ओळखा.

तर चैत्राची पहाट. हिरण्यकेशीच्या कृश, क्षीण प्रवाहावर केशराची पहिली रेघ. काठावर जांभुळदरी नावाचं गाव, गावाच्या टोकाला रवळू कुंभाराचं घर, आणि घरापुढच्या खळ्यात ओळींनी वाळत घातलेली ओली कौलं. सावळी, स्निग्ध, शीतल. एकाला एक लागलेली, खवल्याला खवला भिडावा तशी. जणू नदीतला महामत्स्य रात्री वर आला आणि कुंभाराच्या अंगणात पाठ शेकत निजला.

आणि त्या पाठीवरून चालत येई ती.

कांचनकांती, हरितनेत्रा, कपटकोमलपदा. नवनीतलुब्ध, निद्राधनी, निर्लज्ज. शेजारच्या यसाक्का सुईणीची सोनकी. तिच्या रूपाला भुलू नका. मी भुललो नाही. तिच्या मिशांवर परक्या घरची साय, तिच्या दाढेत परक्या खुराड्यातली पिसं, आणि तिच्या पावलांखाली रवळू कुंभाराचं पोट. मधल्या दगडी गडग्यावरून उडी, खळ्यात पाऊल, कौलावर ठसा. एक, आणखी एक, आणखी एक. पाच पाकळ्यांची फुलं उमलत जावीत तशी ती पावलं ओल्या मातीत उमटत जात, आणि सूर्य वर आला की वाळून अमर होत.

आता तुम्ही म्हणाल, मांजराच्या पावलानं कौल फुटतं थोडंच? फुटत नाही. पण जांभुळदरीचा माणूस घरातून निघाला आणि मांजर आडवं गेलं, की तो थांबतो. दगडासारखा थांबतो. दुसरं कोणी आधी पुढे जावं, मग आपण जावं, ही तिथली रीत. ती वाटेवरची मांजर निदान निघून तरी जाते. कौलावरची कुठे जाणार? ती आडवी गेली ती गेलीच. भाजून, पक्की होऊन, जन्मभर आडवीच जात राहणार. अशा छपराखालून माणसानं बाहेर पडायचं कसं आणि बाहेरच्यानं आत यायचं कसं?

म्हणून ठशाचं कौल कोणी घेईना. गिऱ्हाईक प्रत्येक कौल उन्हात धरी, तिरकं करी, बोट फिरवी, आणि पाकळी दिसली की बाजूला ठेवी. बाजूला ठेवलेल्यांची रास झाली. राशीचं काय करणार? कुंभाराच्या घराला नेहमी उरलंसुरलंच मिळतं. रवळूनं ती सगळी कौलं आपल्याच घरावर चढवली.

आणि मग पाहावं असं झालं ते घर.

पावसाचा थेंब त्या छपरावर पडे आणि थबके. दुसरा थेंब आधी पुढे जावा, मग आपण जावं. दुसराही थबके. असा सगळा पाऊस छपरावर उभाच राही, वळचणीला थेंब उतरत नसे. चुलीचा धूर कौलांपर्यंत चढे, ठसे पाही, आणि मुकाट परत चुलीत शिरे. सकाळचं ऊन ओटीच्या कडेशी येऊन, पाय उचलून, तिथेच तिष्ठत राही. रवळूचा लेक मडकी घेऊन बाजाराला निघे आणि शिवेवरून माघारी येई. विचारलं तर म्हणे, कोणीतरी आधी जाऊ दे.

हसू नका. मी तो थबकलेला पाऊस हातानं चाचपला आहे.

रवळूनं गडग्याशी उभं राहून सांगितलं, साध्या शब्दांत सांगितलं. "यसाक्का, मांजार बांध तुझं."

यसाक्का म्हणजे वाळल्या चिंचेसारखी बाई. बारीक, काळी, आंबट. गावातल्या प्रत्येक माणसानं जगात पहिल्यांदा जे पाहिलं ते तिचं तोंड, म्हणून तिला कोणी तोंड वर करून बोलत नसे. ती गोवऱ्या थापत होती. थापता थापताच म्हणाली, "गायीला दावं असतं, कुत्र्याला साखळी. मांजराची दोरी अजून कुणी वळली न्हाई."

"पाळलंयस ना? मग तुझ्या अंगणात पाळ."

"सटवाई सहाव्या दिवशी लेकराच्या कपाळावर ल्ह्यायला येती, ती मांजरावर बसून. तिला काय चालत आणू?"

"मग तिला म्हणावं, कपाळावर ल्ही. माझ्या कौलावर नगं."

त्या दिवसापासून गडगा वाढत गेला. दगड कोणी रचला नाही, शब्दांनीच वाढला. गाव दुभंगलं. पारावर अर्धे म्हणत, पाळलेल्या जनावराची पावलं पाळणाऱ्याच्या अंगणात मोजावीत. अर्धे म्हणत, कोंडलेलं मांजर उंदीर काय देव्हाऱ्यात धरेल? आणि या सगळ्या वादावर, गडग्याच्या माथ्यावर, पंजा चाटत ती बसलेली. हेमवर्णा, हृदयशून्या. दोन्ही बाजूंचं दूध पिऊन.

मला विचाराल तर माझं मत रवळूच्या बाजूचं. मांजर ही जातच तशी. तुम्ही तिला घर द्या, ती तुम्हांला पाठ देते. तुम्ही तिला नाव द्या, ती ते ऐकून घेते, वापरत नाही.

असा तो वैशाख उजाडला. रवळूची सून सगुणा दिवस भरलेली. पिकल्या फणसासारखी जड, धीरगंभीर, ओटीवर बसून आकाशाकडे पाहणारी. रवळूच्या घरात गेली कित्येक वर्षं काही आत आलं नव्हतं. ऊन नाही, सोयरा नाही, सुख नाही. हे एवढंच येत होतं. आणि ते त्याच छपराखाली येणार होतं, त्याच आडव्या, अखंड, अमंगळ पावलांखाली.

रवळूनं झोप सोडली. पहाटेला खळ्याच्या कोपऱ्यात पोतं पांघरून बसला. पूर्वेला केशर सांडलं, गडग्यावर केशर हललं, आणि सोनकीनं ओल्या कौलाकडे पहिला पंजा टाकला मात्र, पोतं पडलं.

मारलं नाही त्यानं. मारायची छाती कोणाची? एका मांजराच्या हत्येला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, आणि रवळूकडे मातीचंच सगळं. त्यानं तिच्यावर आपला सर्वांत मोठा रांजण पालथा घातला. हंगामभर जपून घडवलेला, नादमधुर, नितळ, चैत्रगौरीच्या पोटासारखा गोल. श्वास लागावा म्हणून काठाखाली तीन खडे सरकवले. दयेनं नव्हे, काशीच्या भयानं.

आणि सोनकी ओरडली नाही. एक स्वर नाही, एक नख नाही. मातीच्या त्या काळोख्या गर्भात ती नुसती बसून राहिली. शत्रूचं रडणं सहन होतं हो. शत्रूचं गप्प बसणं सहन होत नाही.

ऊन कासराभर चढलं तशा सगुणेला कळा सुरू झाल्या.

पंचक्रोशीत सुईण एकच. रवळूचा लेक गडग्यावरून हाक मारायला गेला तेव्हा यसाक्का सोनकीला हाका मारत हिंडत होती. दुधाची वाटी तिथेच ठेवून ती आली. ओटीवर पाय धुतले, रवळूकडे पाहिलं नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. "ह्या घरचं पाणी मी प्यायची न्हाई," एवढं भिंतीला सांगून आत गेली.

मध्याह्न झाला. मध्याह्नीची ती श्वेत, शुष्क, श्वासरोधक स्तब्धता. पिंपळाचं पानसुद्धा हलेना. दुसरं पान आधी हलावं, मग आपण हलावं. आतून सगुणेचा कण्हण्याचा आवाज येई, भरतीसारखा चढे, आणि उंबऱ्यापाशी येऊन मागे फिरे. बाळ दाराशी आलं होतं. आलं होतं आणि थांबलं होतं.

यसाक्कानं बाळंतिणीच्या घरची जुनी आज्ञा सोडली. घरातली प्रत्येक गाठ सोडा. प्रत्येक झाकण काढा. जिथे काही बंद, तिथे बाळाची वाट बंद.

आणि ते घर उलगडू लागलं. सगुणेची वेणी सुटली. पेटीचं कुलूप निघालं. कणगीचं तोंड उघडलं, लोणच्याच्या बरणीचं फडकं सुटलं, गायीचं दावं सुटलं, लेकाच्या कमरेचा करगोटासुद्धा सुटला. वाऱ्याला वाट, उजेडाला वाट, धान्याला वाट. सारं घर ओंजळीसारखं उघडं. तरी बाळ येईना.

सगुणेचा आवाज बारीक होत चालला. तेल सरत आलेल्या समईसारखा.

यसाक्का बाहेर आली. कोपरापर्यंत ओले हात, कपाळावर घाम. कित्येक महिन्यांनी तिनं रवळूच्या डोळ्यांत पाहिलं.

"ह्या घरात अजून कायतरी झाकलेलं हाय."

रवळूनं खळ्याकडे पाठ केली.

"पोर जाईल रं तुझी. तिकडं दार मी धरून बसलीया. हितं तू काय धरून बसलायस?"

काय धरून बसला होता तो? एका बाजूला रांजण, एका बाजूला सून. रांजण उचलावा तर मांजर सुटणार, ऐन वेळेला, ऐन दारातून आडवं जाणार. नाही उचलावा तर झाकलेलं झाकलेलंच राहणार. उघडलं तरी अपशकुन, मिटलं तरी अपशकुन. पिढ्यान् पिढ्यांच्या दोन शहाणपणांच्या मध्ये तो एकटा म्हातारा, भट्टीच्या दोन तोंडांमध्ये सापडलेल्या पतंगासारखा.

आतून सगुणेची हाक आली. हाक नव्हे, हाकेची सावली.

रवळू धावला. रांजण उचलायचा म्हणून हात घातले, पण त्या पालथ्या, नितळ पोटावर पकड बसेना. मग त्यानं थापी उचलली. ज्या थापीनं हंगामभर थोपटून थोपटून त्याला आकार दिला, त्याच थापीचा घाव त्याच्या पोटावर घातला. नाद उठला. हिरण्यकेशीच्या पैलतीरावरच्या देवळातली घंटा त्या नादानं आपसूक वाजली, आणि पुजारी नैवेद्य टाकून पळाला, हे मी पैजेवर सांगतो.

मातीचा गर्भ दुभंगला. आणि त्या खापरांमधून, ओलसर, विस्कटलेली, डोळे मिटमिटवत ती बाहेर आली.

पळाली नाही. मांजर ते, घाई कशाला करील? आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे. मग सगळ्यांच्या देखत ओटीवर चढली, उघड्या दारातून आत गेली, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यासमोरून डावीकडून उजवीकडे, सावकाश, सोन्याची रेघ ओढावी तशी चालत गेली, आणि मागच्या दारानं निघून गेली.

सगळ्यांनी श्वास धरला.

आणि त्या धरलेल्या श्वासात बाळ रडलं.

चुलीत परतणारा धूर कौलांतून एकदम निघाला. ऊन ओटीवर चढलं. कित्येक वर्षांचा अडलेला पाऊस, भर वैशाखात, निरभ्र आकाशाखाली, एकट्या त्याच छपरावरून धो धो वाहिला. शेजारच्या बायकांनी हंडे लावले.

यसाक्का दाराशी आली. फुटकी खापरं पाहिली, काठाखालचे तीन खडे पाहिले, काय ते समजली. "कोंडली हुतीस व्हय माझी सोनकी," ती म्हणाली. रवळूला उत्तर सुचलं ते एवढंच, की बघ, शेवटी आडवी गेलीच.

"आडवी न्हाई गेली," यसाक्का म्हणाली. "आधी गेली."

तुम्हांला वाटेल, आता गडगा कोसळला, दोघांनी गळ्यात गळे घातले. छे. वैर ते वैर. सुईणीचा मान म्हणून रवळूनं नारळ, तांदूळ, चोळीचा खण गडग्यावर ठेवला, तोंड फिरवून. तिनं तो उचलला, तोंड फिरवून. पाणी मात्र मरेपर्यंत त्या घरचं प्यायली नाही.

आणि खरी चैन तर पुढेच आहे. ही वार्ता खोऱ्यातून खोऱ्यात गेली. जिच्या घरी पाळणा हलायचा ती म्हणू लागली, बाळंतिणीच्या खोलीवर मला सोनकीच्या पावलाचं कौल हवं. गाड्या जुंपून माणसं आली. रवळूनं खळंभर कौलं थापली. ओली, सावळी, आसुसलेली. कडेला दुधाची वाटी ठेवली. मासळी ठेवली. शेवटी त्या म्हाताऱ्यानं हात जोडले.

ती गडग्यावर बसून पाहत राहिली. पहाट झाली, दुपार झाली, सांज झाली. कौलं वाळली, कोरी, करकरीत, निष्कलंक. एक पाऊल नाही. मांजर मोकळं असतं, तुमच्या उपयोगाचं नसतं. रवळूनं त्या वर्षी शिव्यांची जी माला गुंफली ती आजही तिकडच्या आयाबाया पोरांना पाठ करू देत नाहीत.

आणि ते बाळ?

ते बाळ, मित्रहो, तुमच्यापुढे बसलं आहे. त्या छपराखाली, त्या सुवर्णपदांच्या पाठोपाठ, जगात आलेला तो कुलदीपक मीच. खोटं वाटतं? हा पाहा डावा तळपाय. ही खूण पाहा. पाच पाकळ्या. जन्मखूण. जवळ या, दिवा पुढे धरा, बोट लावून...

आत सूप थांबलं. पाखडण्याची ती संथ, साळीसारखी सळसळ थांबली, आणि दाराच्या चौकटीत ती येऊन उभी राहिली, केसांवर कोंड्याची चांदणी, हातात सूप.

"पाय खाली घ्या. चिखल हाय तो," ती म्हणाली. "मांजार सोन्याचं कुठलं, काळंकुट्ट हुतं. आणि झाली ती पोरगी. ती मी."