सोमारीची चौथी भाषा

सोमारी मडावीच्या घरात स्पॅनिश भाषा शिरली ती तिच्या नवऱ्याच्या चुकीने. सोमारी ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गाइड होती आणि नवरा चैतू पर्यटकांची जिप्सी चालवायचा. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत त्याला टीव्ही लागायचा. त्या दिवसांत तो एक परदेशी मालिका हिंदीतून बघत होता. एक द्राक्षमळा, त्याची तोरेबाज मालकीण आणि तिच्या दोन भांडखोर बहिणी. एकदा रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि तिघी बहिणी हिंदी सोडून त्यांच्या मूळ भाषेत भांडायला लागल्या. चैतूने खटपट केली, रिमोटच्या पाठीवर चापट्या मारल्या आणि शेवटी वैतागून गाडीचे टायर तपासायला निघून गेला. सोमारी वालाच्या शेंगा निवडत होती. ती तशीच ऐकत बसली.

खाली हिंदी अक्षरं पळत होती, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या बायांचा र जिभेवर गिरकी घेत होता. वाक्यं घरंगळत येत होती आणि शेवटी एकदम उभी राहत होती. भांडण पूर्ण कळत होतं, शब्द एकही कळत नव्हता. तिला आश्रमशाळेतला पहिला दिवस आठवला. माहेर धानोऱ्याच्या पुढचं, घरात निव्वळ गोंडी. वर्गात बाई मराठीत काहीतरी विचारत होत्या आणि लहानगी सोमारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा तिला रडू आलं होतं. आता मात्र मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी चैतूने मालिका लावली तेव्हा ती म्हणाली, "हिंदी नोका लावू. त्यायच्या भाषेत राहू द्या."

"मले काय समजन त्यात?"

"तुमी खालचं वाचा. मी आयकतो."

चैतू वाचत राहिला आणि ती ऐकत राहिली. द्राक्षमळ्याची मालकीण म्हातारी होऊन मरेपर्यंत सोमारीच्या पदरी बरेच शब्द जमा झाले. 'माझी', 'खोटारडी', 'दार उघड', 'कधीच नाही'. भांडायला पुरेसे, पण बोलायला नाही. जंगलात मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे पाणवठ्यावर वाघाची वाट बघत गाडी थांबली की ती मनातल्या मनात तेच शब्द घोळवायची. पर्यटकांना वाटायचं, बाई कानोसा घेते आहे.

मयुरी ही तिची मैत्रीण गेटजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागताच्या टेबलावर बसायची. पाहुणे खोल्यांमध्ये पुस्तकं विसरून जात. त्यातलं एक लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक मयुरीने तिला आणून दिलं. डोंगरावर हरवलेल्या एका हट्टी बकरीची ती गोष्ट होती. सोमारीने ते फोनमधल्या शब्दकोशाच्या आधाराने वाचायला घेतलं. पहिलं पान संपायला आख्खा आठवडा गेला. बकरी कुंपण ओलांडायचं नावच घेईना. पण एकदा ओलांडलं आणि मग पानं भराभर उलटायला लागली. शेवटी बकरी घरी पोचली तेव्हा सोमारीने ते पान चैतूला मोठ्याने वाचून दाखवलं. चैतूने विचारलं, बकरी दूध देते का? ते पुस्तकात नव्हतं.

पुढे मयुरीनेच इंटरनेटवर शोधून एक शिकवणी लावून दिली. शिकवणाऱ्या बाईंचं नाव रेबेका. मेक्सिकोतल्या वाहाका नावाच्या डोंगराळ मुलखात त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं आणि आता निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. मंगळवारी ताडोबाचं गेट बंद असतं. म्हणून मंगळवारी सकाळी, त्यांच्याकडे सोमवारची संध्याकाळ असताना, दोघी फोनवर समोरासमोर बसायच्या. घरात नेटवर्क धड नव्हतं, म्हणून सोमारी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायची.

पहिले काही मंगळवार मुकाटपणाचेच गेले. रेबेकाबाई एक वाक्य बोलायच्या, सोमारी ते गिरवायची. मग एकदा बाई 'आमचं जंगल' असं काहीतरी म्हणाल्या. सोमारीला प्रश्न पडला आणि तो तिने तुटक्यामोडक्या शब्दांत, हातवारे करत विचारला. यातलं 'आमचं' कोणतं? मी समोर बसलेली आहे, ती धरून, की मला सोडून? गोंडीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत, मराठीतसुद्धा 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. रेबेकाबाई खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. त्यांनी सांगितलं की स्पॅनिशमध्ये ते एकच आहे, काही इलाज नाही. पण त्यांची स्वतःची भाषा स्पॅनिश नव्हतीच. आईकडून आलेली त्यांची भाषा झापोटेक, आणि तिच्यात अगदी असेच दोन शब्द आहेत. स्पॅनिश त्या शाळेत गेल्यावर शिकल्या होत्या, एका शब्दाचीही ओळख नसताना.

त्या दिवसापासून शिकवणीची घडीच बदलली. दोघींनाही दुसऱ्याच्या भाषेत शिरण्याची वाट ठाऊक होती. सोमारी मोहाच्या फुलांबद्दल सांगायची, तेंदूपत्त्याबद्दल सांगायची. रेबेकाबाई पाइनच्या झाडांबद्दल, मक्याबद्दल, आणि त्यांच्या गावाचं जंगल गावच कसं सांभाळतं त्याबद्दल. शब्द अडला की चित्र काढायचं, नाहीतर बाहेर जाऊन ती वस्तूच उचलून आणायची. एकदा सोमारीने शेजारच्या लटारूभाऊंचा कोंबडा उचलून फोनपुढे धरला होता.

पुढच्या हंगामात स्पेनहून आलेलं एक कुटुंब तिच्या जिप्सीत बसलं. आई, बाप आणि छोटी मुलगी. सोमारीने मनात शब्दांची उजळणी केली. तिने नमस्कार केला, तो जमला. हरणं आणि मोर सांगणंही जमलं. मग बांबूच्या बेटाआडून एक वाघीण निघाली आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिला भूक लागली आहे, असं सोमारीला सांगायचं होतं. भूक म्हणजे 'आंब्रे'. तिच्या तोंडून गेलं 'ओंब्रे'. त्याचा अर्थ माणूस. वाघिणीपाशी माणूस आहे, असं ऐकल्यावर आईने मुलीला ओढून मांडीवर घेतलं, बाप उभा राहून वाघिणीच्या पायाशी कोण पडलंय ते शोधायला लागला. चैतूने मोडक्या इंग्रजीत समजूत काढेपर्यंत गाडीत कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

गोष्ट गेटवर पोचली. बाकीचे गाइड तिला वाट अडवून विचारायला लागले, आज वाघिणीपाशी माणूस होता का. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सोमारीला ते फार लागलं. पुढच्या मंगळवारी ती ओट्यावर गेली ती शिकवणी बंद करते म्हणून सांगायलाच. रेबेकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी शाळेत गुरुजींना 'मी दमले' म्हणण्याऐवजी 'माझं लग्न झालं' असं सांगितलं होतं, दोन शब्दांत एका अक्षराचा फरक म्हणून. शाळा सुटेपर्यंत पोरं त्यांच्या नवऱ्याची चौकशी करत राहिली.

"ज्या दिवशी लोक हसले, त्या दिवशी ती भाषा माझी झाली," त्या म्हणाल्या. "त्याआधी मी फक्त पाठांतर करत होते. चुकायचं असेल तर बोलावं लागतं, सोमारी. तू बोललीस."

सोमारी शिकवणी बंद करायचं विसरूनच गेली.

दोघींच्या गप्पा रेबेकाबाईंच्या गावात पसरल्या होत्या. तिथल्या जंगल समितीच्या बायकांना एका बैठकीसाठी दिल्लीला यायचं होतं. रेबेकाबाईंनी त्यांच्या मागे लकडा लावला की इतक्या लांब चाललाच आहात तर सोमारीच्या माहेरी जाऊन या, तिथली ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता आपणच विकते. पत्रव्यवहार झाला. धानोऱ्याकडच्या एका संस्थेत काम करणारा अंकुश मध्ये पडला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाच बायका सोमारीच्या माहेरच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, येऊन बसल्या. त्यांच्यात सगळ्यात वडील होत्या दोन्या इनेस. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई. म्हणजे इनेसबाई.

सोमारी सुट्टी काढून आली होती, पण नुसती बसायला. तिने अंकुशला आधीच बजावलं होतं, मले पुढे नोका करू. दिल्लीहून एक दुभाषी सोबत आला होता, जाणता आणि मनाचा भला माणूस. अडचण एवढीच की त्याला गोंडी येत नव्हती, मराठीही येत नव्हती. म्हणून गावातल्या बाया गोंडीत बोलायच्या, कोणीतरी ते मराठीत सांगायचं, अंकुश मराठीचं इंग्रजी करायचा आणि दुभाषी इंग्रजीचं स्पॅनिश. उत्तरही त्याच वाटेने उलटं यायचं. तीन हातांतून आलेलं बोलणं पोचेपर्यंत निवून जात होतं. बाया पदराशी चाळा करायला लागल्या, पाहुण्या मान डोलवत राहिल्या.

मग सोमारीची आई बुधरी उठली. बुधरीला गोंडीशिवाय काही येत नाही आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नाही. तिने इनेसबाईंकडे बघून विचारलं, झाड तोडायच्या आधी तुम्ही विचारता का?

प्रश्न निघाला. मराठीत त्याचा अर्थ परवानगी झाला, इंग्रजीत परवाना झाला आणि स्पॅनिशमध्ये सरकारी कचेरी. इनेसबाईंनी मन लावून उत्तर दिलं. शहरात कचेरी आहे, अर्ज करावा लागतो, साहेब जागेवर नसतो, शिक्का मिळायला फार वेळ जातो. हे सगळं हळूहळू बुधरीपर्यंत आलं. तिने ते ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि खाली बसली.

आईला काय विचारायचं होतं ते सोमारीला ठाऊक होतं. प्रश्न कुठे वाट चुकला तेही तिने दोन्हीकडून ऐकलं होतं. ती उठली कधी, तिचं तिलाही कळलं नाही. ती इनेसबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "माझ्या आईने साहेबाबद्दल नाही विचारलं. झाड तोडायच्या आधी तुम्ही झाडाला विचारता का? आल आर्बोल. झाडाला."

पाचही बायकांनी माना वर केल्या. त्या गोटुलात पहिल्यांदाच गावचं कोणीतरी त्यांच्याशी सरळ बोललं होतं. इनेसबाईंनी डोक्यावरची गवती टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सी," त्या म्हणाल्या. हो.

मग त्या सावकाश सांगत गेल्या, आणि सोमारी तसतशी गोंडीत सांगत गेली. मध्ये मराठी नाही, इंग्रजी नाही. झाडाजवळ जायचं. बुडाशी थोडी दारू ओतायची, आधी त्याला, मग आपल्याला. कशाला हवंय ते सांगायचं, घराच्या आड्याला की दाराला. त्याच वेळी वारा जोरात सुटला तर नाही म्हणाला असं समजायचं आणि घरी परतायचं.

मग बुधरीने विचारलं, "दारू कशाची?"

सोमारीने विचारून सांगितलं. घायपातासारखं एक झुडूप असतं, त्याच्या गाभ्याची.

"आमची मोहाची असते," बुधरी म्हणाली. "झाडाला आमचीच जास्त आवडत असेल."

सोमारीने हे शब्दाला शब्द स्पॅनिशमध्ये सांगितलं. इनेसबाईंनी मांडीवर थाप मारली आणि त्यांच्या चौघी सोबतिणी हसत सुटल्या. इकडे गावच्या बाया हसायला लागल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच दोन्हीकडची माणसं एकाच वेळी हसली.

दुभाष्याने आपली खुर्ची उचलून सोमारीसाठी मध्ये आणून ठेवली आणि स्वतः तिच्या बाजूला सतरंजीवर बसला. पुढचं सगळं तिच्याच तोंडून गेलं. बांबू कधी तोडायचा, तेंदूच्या पुड्याला भाव कसा ठरतो, बैठकीत पुरुष जास्त बोलतात तेव्हा काय करायचं. शेवटच्या प्रश्नावर दोन्हीकडून इतकी उत्तरं आली की तिला हात वर करून सगळ्यांना थांबवावं लागलं. लिलावाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते तिला आठवेना, तेव्हा दुभाष्याने खालून 'सुबास्ता' असा शब्द पुरवला. तिने तो तसाच उचलला आणि पुढे निघाली. ती एकदा चुकली, दोनदा अडखळली. पण कोणाचं त्याकडे लक्ष नव्हतं, तिचंही नाही.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा इनेसबाईंनी उभं राहून ग्रामसभेला आमंत्रण दिलं. पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर तुमच्या बायांनी आमच्या डोंगरात यावं. खर्चाची काळजी आमची समिती करेल. सोमारीने ते गोंडीत सांगितलं आणि ऐकता ऐकता हात वर गेले. सगळ्यांत आधी बुधरीचा. संस्थेतर्फे दुभाष्याची सोय करावी लागेल, असं अंकुश म्हणायला लागला, तर बुधरीने त्याला तिथेच थांबवलं.

"दुभाषी आमच्या घरचा आहे," ती गोंडीत म्हणाली. "मी जन्माला घातलाय."

हेही आता स्पॅनिशमध्ये सांगायला हवं होतं. सोमारीने सांगितलं, पण आवाज मध्येच भरून आला आणि वाक्य दोन तुकड्यांत पोचलं. पोचलं मात्र बरोबर, कारण इनेसबाईंनी पुढे होऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

जेवणं मोहाच्या सावलीत मांडली होती. भात, उडदाची डाळ आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. सकाळपासून सोमारीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिने पान वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला, तोच अंकुश लगबगीने आला. पाहुण्या भाजीचं काहीतरी विचारून राहिल्या आहेत, जरा येता का?

"अंकुशभाऊ," सोमारी भरल्या तोंडाने म्हणाली, "मले जेवू द्या. त्यायले म्हणा, सोमारीले लय भूक लागली हाये."

आणि पलीकडच्या रांगेत बसलेल्या इनेसबाईंना तिने तेच मोठ्याने स्पॅनिशमध्ये सांगितलं, 'आंब्रे'सकट अक्षर न अक्षर बरोबर, आणि पुन्हा भातात हात घातला.