डोळे मिटा, मशीन थंड होईल

"एकोणसत्तर... सत्तर... एकाहत्तर!"

आणि आकडा थांबला. माझ्या भावाच्या ऑफिसात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या मंडळींनी रोखून धरलेला श्वास एकदम सोडला. टाळ्या पडल्या. शेजारच्या फोटोवाल्यानं डोळे टिपले. छापखानेवाल्यानं तर कॉम्प्युटरच्या काळ्या डब्याला चक्क हात जोडले. डब्यावर निळ्या कापडात शिवलेली बशीएवढी एक चकती होती आणि तिच्याशेजारी खुर्चीत पांढरे कपडे घातलेला एक गुळगुळीत माणूस मंद मंद हसत बसला होता.

त्याचे भक्त त्याला शीतलगुरू म्हणत. मी पहिल्या दिवसापासून त्याला गारवाबुवा म्हणते.

माझा भाऊ घरांची चित्रं बनवतो. न बांधलेलं घर बांधल्यावर कसं दिसेल, खिडकीतून ऊन कुठे पडेल, हे सगळं कॉम्प्युटरवर. असं एक चित्र पुरं व्हायला मशीनला तासन्‌तास राबावं लागतं. राबताना ते तापायचं, स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा त्र्याण्णवपर्यंत चढायचा आणि ऐन वेळी मशीन पटकन बंद पडायचं. पंखे बदलून झाले, धूळ काढून झाली. मग कुणीतरी गारवाबुवाचं नाव सुचवलं. बुवानं पहिलं मशीन थंड केलं आणि भाऊ त्याच्या भजनी लागला. आज दुसऱ्या मशीनची पाळी होती आणि ते बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. भाची आजारी आहे असं कळलं म्हणून मी आले, तेव्हा आकडे मोजणं सुरू व्हायचं होतं आणि मला दारातच अडवलं.

"मौन चालू असताना संशयी माणूस आत नको," बुवानं आतूनच हुकूम सोडला. "बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा. तळहात डोळ्यांवर ठेवा. मशीनमधला अग्नी बाहेर पडताना जो बघेल, त्याच्या अंगात शिरेल!"

बाहेरून मला ऐकू आलं ते एवढंच: मशीन बंद झाल्याचा आवाज, परत चालू झाल्याची 'टीक', आणि मग कीबोर्डची बारीक खडखड. मग दार उघडलं, आकडा एकाहत्तरवर थांबला, आणि टाळ्या ओसरल्यावर मी विचारलं, "मशीन बंद कशाला करावं लागतं?"

"झोपल्याशिवाय कुणाचा ताप उतरतो का, बाई?" बुवा म्हणाला. लोक खो खो हसले. "मशीन काय, माणूस काय, ताप तो तापच. चकती दोघांना सारखीच."

दोघांना? मी भावाला विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

"वर. झोपलीय," तो नजर चुकवत म्हणाला. "चकती ठेवलीय. बरी होतेय."

मी जिना चढून वर गेले. ऑफिसच्या डोक्यावरच त्यांचं घर. मागच्या खोलीत पडदे ओढलेले, खिडकी बंद. सहा वर्षांची पोर भिंतीकडे वळून पडली होती आणि छातीवर तसलीच निळी चकती दोरीनं बांधलेली होती. कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पोरगी फणफणली होती. ओठांची सालपटं निघाली होती.

"औषध?" मी भावजयीला विचारलं.

तिनं कपाटाकडे बोट दाखवलं. "बंद केलंय, ताई. चकतीला दुसऱ्याचं औषध चालत नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासायला सांगितली होती, तीही करू दिली नाही. थर्मामीटरसुद्धा गुरू घेऊन गेले. म्हणाले, मोजणं म्हणजे संशय, आणि संशय उष्ण असतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"खालचं मशीन खरंच थंड झालं हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी काय बोलणार?"

तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता. माझं डोकं सणकलं होतं ते खाली खुर्चीत हसत बसलेल्या माणसावर. मी चकतीची दोरी सोडायला लागले, तर पोरीनं माझा हात घट्ट धरला.

"नको, आत्या. काढू नको. चूक माझीच आहे."

"कसली चूक, बाळा?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटले होते ना, तेव्हा मी बोटांच्या फटीतून बघितलं. गुरूंनी मला बघताना बघितलं. म्हणून अग्नी माझ्यात शिरला. गुरू म्हणाले, कुणाला सांगितलंस तर आईलाही ताप येईल."

भावजयीनं पोरीला जवळ ओढलं. मला मात्र आता सगळं लख्ख दिसत होतं. सहा वर्षांच्या पोरीनं चोरी पकडली होती. चोरानं तिला आलेल्या तापाचं तिच्याच तोंडाला कुलूप करून टाकलं होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"काय दिसलं तुला?" मी शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं. "सांग. आईला काही होत नाही. मी आहे ना."

"निळा पडदा होता. नुसती अक्षरं. ते बटण दाबून दाबून एक आकडा खाली करत होते."

"हिला कपडे घाल," मी भावजयीला म्हणाले. "आपण दवाखान्यात चाललोय."

भाऊ जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. "ताई, चकती काढलीस तर उलटेल. गुरूंनी बजावलंय. तुझ्या विज्ञानाला जे जमलं नाही ते त्यांनी डोळ्यांदेखत करून दाखवलंय!"

"डोळ्यांदेखत? अरे, डोळे तर मिटले होतेस! ती कपडे घालेपर्यंत मला वेळ दे. चकती तशीच ठेवून मशीन मला परत तापवता आलं, तर मुकाट्यानं किल्ली काढायची. कबूल?"

तो बाजूला झाला.

मी खाली आले, दुसऱ्या मशीनसमोर बसले आणि ते बंद करून पुन्हा चालू केलं.

"हात लावू नका!" बुवा खुर्चीतून उठलाच. "शक्ती उलटेल!"

"उलटू दे. कुणीही डोळे मिटायचे नाहीत," मी गर्दीला म्हणाले. "फोटोवाले, पुढे या आणि मोठ्यानं वाचा."

चालू होता होताच मी कळ दाबली. निळा पडदा आला, नुसती अक्षरं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात हे पान असतं. मशीननं कसं चालायचं ते इथे ठरतं. प्रोसेसरच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्या, व्होल्टेजच्या ओळीवर मी बोट ठेवलं.

"उणे शून्य पूर्णांक एक," फोटोवाल्यानं वाचलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे प्रोसेसरला मिळणारी वीज थोडी कमी केलीय. प्रत्येक प्रोसेसर थोडा वेगळा निघतो, म्हणून कारखानावाले सगळ्यांनाच जरा जास्त व्होल्टेज देऊन ठेवतात. मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तसं. पुष्कळदा तेवढं लागतच नाही. जास्तीचं व्होल्टेज नुसती उष्णता होऊन बाहेर पडतं. ते बेतानं कमी केलं, की काम तेवढंच होतं आणि मशीन कमी तापतं. फार कमी केलं तर मात्र अडकतं, म्हणून तपासून बघावं लागतं. बस, एवढाच तुमचा चमत्कार."

मी तो आकडा काढून पूर्वीसारखा केला. चकती डब्यावर तशीच ठेवली. भावाचं चित्र चालू केलं. कोपऱ्यातला आकडा चढायला लागला. सत्तर. एकाहत्तरला सगळे थबकले, पण आकडा थबकला नाही. ऐंशी. नव्वद. त्र्याण्णव. चकती बिचारी डब्यावर बसून होती.

"हा या बाईंचा संशय!" बुवा ओरडला. "संशयाच्या उष्णतेनं चकती जळाली!"

"असं? मग माझा संशय इथेच ठेवते," मी म्हणाले, आणि चकती उचलून खिडकीबाहेर भिरकावली. ती गटारात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मशीन परत बंद-चालू, परत निळा पडदा, परत उणे शून्य पूर्णांक एक. यावेळी सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर. चित्र चालू केलं. आकडा चढला आणि एकाहत्तरवर येऊन थांबला.

"चकती गटारात आहे," मी भावाला म्हणाले. "संशय माझ्या डोक्यात आहे, आणि तो आधीपेक्षा दुप्पट आहे. आकडा बघ."

तो बघत राहिला. मी सोडलं नाही. "या डब्याचा ताप मोजून तुझा विश्वास बसला ना? मग पोटच्या पोरीचा ताप मोजायला या माणसानं मनाई का केली, हे एकदा तरी विचारलंस?"

भाऊ वळला. बुवा झोळी सावरत दाराकडे सरकत होता. भावानं त्याच्यासमोर हात पसरला. "थर्मामीटर द्या."

"भक्ता, धीर धर..."

"थर्मामीटर द्या म्हटलं ना!"

झोळीतून थर्मामीटर निघालं. भावजय पोरीला कडेवर घेऊन जिन्यात आली होती. तिथेच तिचा ताप मोजला. एकशे चार. भाऊ पोरीला घेऊन अनवाणीच गाडीकडे धावला.

छापखानेवाल्यानं बुवाची गचांडी धरली. पूर्वी हा बुवा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, हे नंतर पोलिसांसमोर त्यानं कबूल केलं. मला चीड येते ती याचीच. त्याला येत होतं! जी गोष्ट त्यानं चारचौघांत उजेडात शिकवली असती तर लोकांनी त्याला मान दिला असता, तीच त्यानं कापडात शिवून विकली. आणि अजून चीड येते ती फोटोवाल्याची. सगळं डोळ्यांनी बघून, स्वतःच्या तोंडानं वाचून, तो जाताना मला म्हणाला, "माझ्या दुकानातली चकती असू देतो, बाई. असली तर बिघडतं कुठे?"

बिघडतं कुठे? वरच्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बघा, बिघडतं कुठे ते! डब्यावर ठेवलेली चकती डब्यावरच राहत नाही. ती उद्या पोराच्या छातीवर येते. जो माणूस तुम्हाला डोळे मिटायला सांगतो, मोजू नका म्हणतो, विचारू नका म्हणतो, त्याला काहीतरी लपवायचं असतं. त्याच्यासमोर डोळे उघडा. मोजा. पुन्हा करून दाखव म्हणा. तेवढं केलंत तरी पुरे.

पोरीच्या मूत्रपिंडापर्यंत जंतू पोचले होते. वेळेवर आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्या भावाकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर तो जन्मभर विसरणार नाही. विसरूही नये.

नर्स सुई घेऊन आली. "डोळे मीट हं, बाळा. थोडंसं टोचेल."

पोरीनं डोळ्यांवर हात नेले आणि घाबरून बापाकडे बघितलं. "बाबा, फटीतून बघितलं तर चालेल?"

भावानं तिचे दोन्ही हात डोळ्यांवरून खाली घेतले.

"फटीतून नको," तो म्हणाला. "सगळं बघ."